घनचक्करला जायचं तर

रविवारी कळसूबाईच्या शिड्यांवर रांग लागते. त्याच अकोले तालुक्यातल्या घनचक्कर या डोंगरावर मी चार वेळा गेलो, माथ्यावर दुसरा ट्रेकर एकदाही भेटला नाही. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ आणि त्यांच्यापाठोपाठ हा १५३२. एवढा उंच असूनही नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही, कारण वर गडही नाही आणि देवही नाही.

आधी राजूर गाठा. पुण्याहून संगमनेर-अकोले मार्गे, मुंबईहून घोटीवरून. तिथून पुढे शिरपुंजे. आदल्या रात्रीच गावात पोहोचा आणि जेवणाचं आधी कळवून ठेवा. ऐनवेळी चार माणसांच्या भाकऱ्या थापायला लावणं बरं नाही.

गावातून खिंडीपर्यंत चुकायची भीती नाही. भैरवगडावरच्या भैरोबाला माणसं जातात, त्यामुळे वाट मळलेली आहे. खिंडीत मात्र एका अंगाला भैरवगड, दुसऱ्या अंगाला घनचक्कर. आधी भैरवगडावर जाऊन या. गुहेतल्या भैरोबाचं दर्शन होईल आणि टाक्यांतून पाणीही भरून घेता येईल. टाक्यात बाटली बुडवू नका, भांड्याने पाणी काढा, गाळून घ्या. पुढे पाण्याचा भरवसा नाही. मी माणशी तीन लिटर धरतो.

खिंडीपासून खरं काम सुरू होतं. चढ छातीवरचा, सुकलेल्या गवताखाली घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी माती आणि खडे. उभं राहून चालवत नसेल तर खुशाल हात टेका. पण या डोंगराची खरी परीक्षा वर आहे. माथा म्हणजे लांबरुंद गवताळ पठार, आणि त्यावर जिकडेतिकडे ढोरवाटा. प्रत्येक वाट खरीच वाटते. एका सप्टेंबरात धुकं उतरलं आणि आम्ही दोन तास फिरून पुन्हा त्याच दगडापाशी आलो. कडा किती जवळ होता ते धुकं विरल्यावर दिसलं, आणि पोटात गोळा आला.

तेव्हापासून मी दोन गोष्टी सोडत नाही. पठारावर पाऊल ठेवलं की वळून मागे बघायचं, जिथून वर आलो ती जागा डोळ्यांत साठवायची, फोटो काढायचा आणि मोबाइलवर खूण करून ठेवायची. उतरताना तीच जागा अगदी वेगळी दिसते. दुसरी म्हणजे गावातला वाटाड्या. गुरं राखत मोठा झालेला माणूस घ्या. मोबाइलमधला नकाशा घसारा दाखवत नाही, तो दाखवतो. मजुरी निघण्याआधीच ठरवा, घासाघीस करू नका. तो ‘आज नको’ म्हणाला तर मुकाट्याने भैरवगड बघून परत या.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. पहाटे पाचला निघालात तर ऊन चढायच्या आत माथ्यावर असाल. दक्षिणेला हरिश्चंद्रगड, उत्तरेला कळसूबाईची रांग, पश्चिमेला कात्राबाईचा डोंगर. सगळं एकाच जागी उभं राहून दिसतं, आणि आवाज फक्त वाऱ्याचा. मी तिथे तासभर तरी बसतो.

वर चूल पेटवू नका. हे अभयारण्य आहे आणि डिसेंबरातलं गवत एका ठिणगीने पेटतं. कड्यांवर आग्यामोहळं असतात, तेव्हा धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको. दुपारी दोनच्या आत पठार सोडा, म्हणजे खिंड उजेडात गाठता येते.