घरच्या घरी कलाकारांचा अड्डा कसा जमवायचा, लेडी ऑटोलाइनच्या पद्धतीने

गोव्यात कितीतरी घरांत हीच परिस्थिती आहे, वसरी म्हणजे पुढची ओसरी भलीमोठी, आत राजांगण म्हणजे मधलं अंगण, पोरं दुबईला नाहीतर पुण्याला, आणि चवथीचे दिवस सोडले तर वर्षभर तिथे फक्त पंखा फिरतो. अशा घरात महिन्यातनं एकदा गाणारे, चित्रं काढणारे, लिहिणारे लोक जमवायचे असतील तर काय करायचं, ते सांगतो. पैसा लागतो, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. यातलं बरंच मी लेडी ऑटोलाइन मॉरेल या बाईंच्या आयुष्यावरनं उचललंय. नाव ऐकलं नसेल तरी हरकत नाही, थोडक्यात सांगतो.

जन्म १८७३, मृत्यू १९३८. ड्यूक ऑफ पोर्टलंडची सावत्र बहीण, म्हणजे घराणं बडं. १९०२ मध्ये फिलिप मॉरेलशी लग्न, तो नंतर लिबरल पक्षाचा खासदार झाला. लंडनमध्ये ४४ बेडफर्ड स्क्वेअर हे त्यांचं घर, तिथे गुरुवारी संध्याकाळी लोक जमायचे. मग ऑक्सफर्डजवळचं गार्सिंग्टन हे जुनं दगडी घर घेतलं, १९१५ ला राहायला गेले, आणि पुढची दहा-बारा वर्षं इंग्लंडमधला अर्धा लेखक-चित्रकार वर्ग तिथे येऊन जेवून गेला म्हटलं तरी चालेल. व्हर्जिनिया वुल्फ, टी. एस. एलियट, डी. एच. लॉरेन्स, हक्सले, बर्ट्रांड रसेल, यादी लांब आहे. बाई उंचच उंच, कपडे असे की रस्त्यावर लोक वळून बघत. त्या दिसण्यावर खूप लिहिलं गेलंय, आपल्या कामाचं ते नाही.

कामाची पहिली गोष्ट म्हणजे ठरलेला वार. गुरुवार म्हणजे गुरुवार. कोणाला आमंत्रण द्यायला नको, फोन करायला नको. आपल्याकडे काय होतं, एकदा कोणाला तरी हुक्की येते, मोठा कार्यक्रम होतो, बॅनर, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचं अर्ध्या तासाचं भाषण, आणि नंतर दोन वर्षं शांत. त्यापेक्षा महिन्याचा तिसरा गुरुवार असं ठरवा आणि चार माणसं आली तरी दार उघडं ठेवा. गुरुवारचा अजून एक फायदा, बऱ्याच घरांत त्या दिवशी मासे नसतात, त्यामुळे जेवण काय ठेवायचं हा वाद आपोआप मिटतो. आळसांद्याचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची रस्साभाजी), पदेराकडचे म्हणजे पाववाल्याकडचे पाव, चहा. झालं.

वेळ साडेपाच ते साडेआठ ठेवा. रात्री कदंब बसेस कमी होत जातात, आणि दिवाडी-चोडण या बेटांवरनं येणाऱ्यांना फेरीबोट गाठायची असते, तो माणूस शेवटची बंदीश ऐकताना घड्याळाकडे बघत बसला तर त्याला बोलावून उपयोग काय. माइक लावू नका. पंचवीस माणसांच्या वसरीत तंबोरा, तबला, पेटी याला माइक लागतच नाही, आणि रात्री १० नंतर लाऊडस्पीकरला कायद्याने बंदी आहे तो प्रश्नही येत नाही. शेजाऱ्यांना पहिल्याच वेळी बोलवा, तेही आधी घरी जाऊन, व्हॉट्सअॅपवर नाही. गाड्या कुठे लावायच्या हे तुमच्यापेक्षा शेजारी चांगलं सांगतील.

कोणाला बोलवायचं? इथे ऑटोलाइनबाईंची खरी हुशारी होती. त्या नुसत्या नामवंतांना गोळा करत नव्हत्या, नामवंतांच्या शेजारी नवख्याला बसवायच्या. मार्क गर्टलर हा लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब ज्यू घरातला पोरगा, त्याला गार्सिंग्टनला राहून चित्रं काढायला जागा दिली. तर तुमच्याकडे कला अकादमीत गाणारे कोणी बुवा येत असतील तर त्याच दिवशी आर्ट कॉलेजमधली शेवटच्या वर्षाची मुलगी, गावच्या भजनी मंडळातला पखवाजवाला, आणि दशावतारात काम करणारा कोणीतरी असं बोलवा. ओळख करून देताना डिग्र्या सांगू नका, तो सध्या काय करतोय ते सांगा, म्हणजे बोलायला विषय मिळतो आणि तुम्ही बाजूला होऊ शकता. यजमानाने बाजूला होणं हे फार महत्त्वाचं आहे आणि ऑटोलाइनबाईंना तेवढंच नीट जमलं नाही असं मला वाटतं. माणसांत त्या फार गुंतायच्या, रसेलशी १९११ पासून प्रेमप्रकरण, दोघांत शेकडो पत्रं, दुसऱ्यांच्या भानगडींतही लक्ष. तुम्ही फक्त चहा विचारा.

आता पैशाचं. मानधनाचं पाकीट कलाकार आल्या आल्या आतल्या खोलीत द्या, कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांसमोर नाही, आणि त्यांच्यासमोर डबा फिरवणं तर अजिबात नको. पन्नास हजार देता येत नसतील तर जे देता येतं ते आधी स्पष्ट सांगा. तबलजीचं वेगळं पाकीट. 'चहापान आणि तुमच्या कलेला व्यासपीठ' असलं काही बोलायचं असेल तर कृपया अड्डा काढूच नका.

पण मला सगळ्यात आवडलेली आणि इथे सहज करता येण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. १९१० मध्ये ऑटोलाइनबाई, कलासमीक्षक रॉजर फ्राय आणि अजून काही जणांनी मिळून कंटेम्पररी आर्ट सोसायटी काढली. सरकारी संग्रहालयं तेव्हा नव्या, जिवंत चित्रकारांकडे फारशी बघत नव्हती, म्हणून यांनी वर्गणी काढायची, त्यातनं जिवंत चित्रकारांची कामं विकत घ्यायची आणि ती सार्वजनिक संग्रहालयांना देऊन टाकायची. सुरुवातीला घेतलेलं ऑगस्टस जॉनचं एक चित्र १९१७ मध्ये टेट गॅलरीकडे गेलं. ती सोसायटी अजून चालू आहे. म्हणजे बाई गेल्या, घर विकलं गेलं, आणि वर्गणीची युक्ती तेवढी राहिली.

ही म्हणजे भिशीच की हो. आपल्या बायकांना भिशी चालवणं कोणी शिकवायला नको. बारा जणं, महिन्याला ५०० रुपये, वर्षाचे ७२,००० होतात. एवढ्यात एखाद्या तरुण चित्रकाराची दोन-तीन बरी कामं सहज येतील, नाहीतर कावी म्हणजे लाल-पांढऱ्या भित्तिचित्रांचं काम करणाऱ्याकडनं गावच्या वाचनालयाची एखादी भिंत करून घेता येईल. नियम थोडेच ठेवा, पण कडक. कलाकार जिवंत पाहिजे. एका खेपेला एकाच सभासदाने निवड करायची, मतदान नाही, कारण बारा जणांनी मतदान केलं की शेवटी नारळाची झाडं आणि सूर्यास्त याच चित्राला बहुमत मिळतं, ते मी लिहून देतो. चित्र कोणाच्याही घरी जाणार नाही, गावची शाळा, वाचनालय किंवा पंचायत, जिथे कोणीही बघू शकेल तिथे लागणार. देताना एका कागदावर लिहून घ्या की विकणार नाही, काढलं तर कळवतील, आणि खाली चित्रकाराचं नाव वाचता येईल अशा अक्षरांत लावतील, देणगीदारांची नावं नाही.

आणि आपली हवा विसरू नका. जून ते सप्टेंबर इथे चामड्याच्या चपलेवर बुरशी येते तिथे कागदाचं काय. कागदावरचं काम असेल तर काच आणि चित्र यांच्यात माउंट पाहिजेच, चित्र काचेला चिकटता कामा नये. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंतीपासनं थोडी हवा खेळते. ज्या भिंतीवर पावसाचा मारा होतो तिच्यावर काहीच टांगू नका. तबल्याची पुडी पावसात उतरते, त्यामुळे तबलजीला जुळवायला वीस मिनिटं जास्त द्या आणि तेवढ्यात लोकांना चहा द्या.

एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगायला हवी. लोक तुमच्याकडे जेवतील आणि बाहेर जाऊन तुमची नक्कल करतील. पहिल्या महायुद्धात फिलिप मॉरेल युद्धाच्या विरोधात पार्लमेंटमध्ये बोलला, ज्यांनी सैन्यात जायला नकार दिला त्यांना या नवराबायकोने गार्सिंग्टनच्या शेतीवर काम दिलं, सासूनसारख्या सैनिक कवीला १९१७ मध्ये युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन काढताना आधार दिला. आणि त्याच घरात पाहुणचार घेतलेल्या लॉरेन्सने आपल्या कादंबरीत बाईंवरनं हर्मायनी रॉडिस नावाचं असं पात्र रंगवलं की हस्तलिखित वाचून त्यांना जबर धक्का बसला, बरीच वर्षं बोलणं बंद. हक्सलेनेही १९२१ च्या कादंबरीत तेच केलं. शेवटच्या काही वर्षांत लॉरेन्सशी पुन्हा पत्रं सुरू झाली हे बाईंचं मोठेपण, माझ्याच्याने झालं नसतं. तुमच्यावर कादंबरी नाही तर फेसबुक पोस्ट येईल, किंवा एखाद्या तियात्रात, म्हणजे कोंकणी नाटकात, तुमच्यासारखीच काठी घेऊन चालणारा भाटकार (जमीनदार) दिसेल. हसा आणि त्यालाही पुढच्या गुरुवारी बोलवा. उपकार मोजायला लागलात तर पहिल्या वर्षीच बंद कराल.

झेपत नसेल तेव्हा लहान करा. मॉरेल कुटुंबाला गार्सिंग्टनचा खर्च परवडेना, १९२८ ला ते विकून लंडनमध्ये गॉवर स्ट्रीटवर लहान घरात आले, आणि तिथेही बाईंनी चहाला लोक बोलवणं सोडलं नाही. वसरीचं काम काढलंय, आई आजारी आहे, काहीही असो, बल्कांवात म्हणजे दारापुढच्या पडवीत सहा खुर्च्या मांडून नुसत्या कविता वाचा. डिसेंबरचा कार्यक्रम पर्यटकांच्या ट्रॅफिकमुळे आधीच्या आठवड्यात घ्या, जत्रेच्या आणि चवथीच्या महिन्यात सुट्टी द्या, आणि सुट्टी असेल तर तसं दारावर आठ दिवस आधी लिहून लावा, कारण चोडणहून आलेल्या माणसाला कुलूप दिसलं तर तो परत येत नाही.