रुग्णालयाचे बिल भरण्यापूर्वी
रुग्णालयाच्या बिलावर केवळ एकूण रक्कम आणि ‘औषधे’, ‘तपासण्या’ अशी ढोबळ शीर्षके असतील, तर पैसे भरण्याआधी प्रत्येक बाबीचा दिनांक, नग आणि दर दाखवणारे तपशीलवार बिल मागावे व ते डिस्चार्ज कार्ड, अहवाल आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांशी ओळीने ताडून पाहावे. एकच तपासणी दोनदा लागणे, परत केलेली औषधे वजा न होणे, खोलीचे भाडे एका दिवसाने वाढणे या चुका नेहमीच्या आहेत. हातमोजे, सिरिंज अशा किरकोळ वस्तूंची लांबलचक यादी मात्र बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि नेमकी तीच सावकाश वाचण्यासारखी असते. ज्या तपासणीचा अहवाल फाइलमध्ये नाही, ती खरोखर झाली का, हे विचारण्यात संकोच कसला? विमा असल्यास कोणती रक्कम कोणत्या कारणाने नाकारली गेली, हेही पाहावे, कारण कधीकधी दोष केवळ आजारासाठी किंवा उपचारासाठी दाव्यात लिहिलेल्या चुकीच्या सांकेतिक क्रमांकाचा असतो आणि दावा दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतो. आक्षेप बिल क्रमांकासह लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि वाद नसलेली रक्कम भरताना ‘उर्वरित रकमेवर आक्षेप कायम’ अशी नोंद पावतीवर करून घ्यावी.