जुनी येझदी खोलताय? आधी एक पुठ्ठा घ्या

पहिल्यांदा जुनी गाडी रिस्टोअर करताना खोलणं सोपं जातं, घाम फुटतो तो जोडताना, कारण सगळे स्क्रू एकाच डब्यात आणि कुठला कुठे होता ते आठवत नाही. माझ्या येझदी रोडकिंग मोटरसायकलच्या इंजिन कव्हरचे स्क्रू कमी-जास्त लांबीचे निघाले.

१. ऑइल काढून घ्या, मग जाड खोक्याच्या पुठ्ठ्यावर कव्हरचा साधारण आकार स्केचपेनने काढा, किक कुठल्या बाजूला तेही लिहा.
२. स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्याला भोक पाडून खोचा, वायसर असेल तर त्याच्यासकट, आणि हे एकेक करत जा, चार काढून मग आठवू म्हणाल तर फसाल.
३. पुठ्ठ्यावर तारीख टाकून मोबाइलवर फोटो काढा. वायरिंगला मात्र पुठ्ठा नाही चालत, तिथे प्रत्येक वायरला चिकटपट्टीचं लेबलच लावा.

क्रोमला किंवा पेंटला पार्ट देऊन दोन-तीन महिने गेले तरी पुठ्ठा समोर ठेवला की जोडणी अर्ध्या तासात होते.

एक जपा, उथळ भोकात लांब स्क्रू जोर लावून फिरवू नका, ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात आणि ते परत पाडून घ्यायला बहुतेकदा खराद्याकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, जावं लागतं.