जुनी हेरल्ड घेऊन गोव्याला निघताय? या चुका टाळा

दिवाळी झाली, हवा जरा गार पडली की फोन सुरू होतात. "काका, गाडी एकदम तयार आहे. पॉलिश केलंय, सीट कव्हरं नवीन घातलीत, शनिवारी आंबोलीमार्गे गोव्याला निघतोय. आणखी काय बघून घेऊ?" फोन येतो तो शुक्रवारी संध्याकाळी. साठ वर्षांच्या गाडीचं काय बघायचं ते सहा आठवडे आधी बघायचं असतं. शुक्रवारी संध्याकाळी फक्त हवा भरायची आणि लवकर झोपायचं.

स्टँडर्ड हेरल्ड ही मोटार १९६१ पासून मद्रासला बनू लागली. मूळ ब्रिटिश ट्रायम्फ हेरल्डचा आकार इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तींनी काढलेला. पुढे १९६२ मध्ये ट्रायम्फने स्पिटफायर ही दोन सीटांची स्पोर्ट्स कार आणली, तीही हेरल्डच्याच पायावर. त्यामुळे कोणाकडे स्पिटफायर असेल तर पुढच्या चाकांबद्दल मी जे सांगतोय ते त्यांनाही शब्दशः लागू आहे. आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

ट्रनियनमध्ये ग्रीस मारणं

ही चूक मी इतक्या गाड्यांत पाहिली आहे की आता कोणाचीही हेरल्ड दिसली की आधी खाली वाकून तेच बघतो. या गाडीच्या पुढच्या चाकाला आधार देणारा पोलादी उभा दांडा खालच्या टोकाला एका पितळी ठोकळ्यात आट्यांनी बसवलेला असतो. त्या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात. स्टेअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांवर फिरतो. म्हणजे प्रत्येक वळणाला तिथे लोखंड पितळेवर घासतं. कंपनीने तिथे ग्रीस नव्हे, ९० नंबरचं गिअर ऑइल घालायला सांगितलं आहे. ऑइल आट्यांतून खालपर्यंत झिरपतं. ग्रीस वरच अडकतं, काही महिन्यांत घट्ट होतं, आणि खाली पाणी साचून दांड्याचे आटे गंजत जातात. बाहेरून काहीच दिसत नाही.

माझ्या पुतण्याने निघण्याआधी गाडी एका गॅरेजमध्ये "फुल ग्रीसिंग"साठी दिली होती. तिथल्या माणसाने ट्रनियनचा बारका प्लग काढून निपल, म्हणजे ग्रीसगन लावायची तोटी, बसवलं आणि ग्रीसगन मारली. त्याला वाटलं, जिथे निपल तिथे ग्रीस. त्याआधीही कित्येक वर्षं कोणी ना कोणी तेच केलं असणार. मी पुतण्याला विचारलं होतं, "ऑइल घातलंस ना?" तो म्हणाला, "सगळं केलं, काका." मी वाकून पाहिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कराडच्या पुढे चहाला थांबायचं म्हणून त्याने गाडी हायवेवरून खाली घेतली, पूर्ण स्टेअरिंग मारून हॉटेलच्या आवारात वळवली आणि कट्ट असा आवाज आला. दांडा ट्रनियनच्या तोंडाशी तुटला, डावं चाक आडवं होऊन मडगार्डखाली घुसलं आणि गाडीचा कोपरा जमिनीवर बसला. ही मोडतोड बहुधा अशीच होते, हळू वेगात, पूर्ण वळणावर, कारण तिथे आट्यांवर ताण सर्वांत जास्त असतो. गाडीत त्याची बायको आणि लहान मुलगी होती. दहा मिनिटं आधी ती तिघं हायवेवर ट्रकच्या शेजारून चालली होती.

माझी सवय सांगतो. दर दोन हजार किलोमीटरला, आणि कोणत्याही लांबच्या प्रवासाआधी, मी गाडी जॅकवर घेतो, पुढची चाकं मोकळी लोंबू देतो, एक जुनी गन फक्त गिअर ऑइलसाठी राखून ठेवली आहे ती लावतो आणि वरच्या सीलमधून ऑइल पाझरेपर्यंत दाबतो. मधे स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फिरवतो. खाली डाग पडतात, पडू द्या. आधी ग्रीस मारलं गेलं असेल तर वरून ऑइल घालून चालणार नाही. दांडा खोला, आटे रॉकेलने धुवा, उजेडात नीट बघा. गंजाचे खड्डे दिसले तर तो दांडा बाद. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट दिशेचे असतात, त्यामुळे अदलाबदल करू नका. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा जाऊ नका.

निघायच्या आदल्या दिवशी सगळं नवीन बसवणं

हा उत्साह मला समजतो, पण पटत नाही. एका वर्षी मी स्वतः इंजिनला ठिणगी देणारे भाग, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप आणि कॉइल, एकाच संध्याकाळी नवीन टाकले. सकाळी पुण्याहून निघालो, खंबाटकीचा चढ लागला आणि गाडी ठसकायला लागली. पाच वस्तू नवीन, मग संशय कोणावर घ्यायचा? उन्हात तासभर एकेक सुटं करत बसलो. शेवटी जुना कंडेन्सर परत लावला आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. हल्ली बाजारात मिळणारे कंडेन्सर आणि रोटर पूर्वीच्या दर्जाचे नसतात. इंजिन तापलं की त्यातले काही तिथेच मान टाकतात.

म्हणून एका वेळी एकच वस्तू बदला, आठवडाभर गाडी चालवा, मग दुसरी. पॉइंटचा गॅप फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, बघा, साधारण ०.४ मिलिमीटर. अंदाजाने नको. आणि जी जुनी वस्तू चालू होती ती फेकू नका, कागदात गुंडाळून डिकीत ठेवा. सगळं काम संपल्यावर निदान तीनशे किलोमीटर घराच्या आसपास फिरा, त्यातला एखादा चढ दुपारच्या उन्हात चढा.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

"काढून टाका, गाडी गरम होणार नाही" हा सल्ला चुकीचा आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप. गाडी गरम होण्याचं खरं कारण वेगळंच असतं. रेडिएटर आतून चोंदलेला असतो, ते काम कष्टाचं म्हणून कोणी करत नाही. रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे आतल्या नळ्या सळीने साफ करून, घ्या, नळाच्या पाण्याऐवजी कूलंट घाला, होज पाइप दाबून बघा. पाइप मऊ पडला असेल किंवा कडक होऊन तडकला असेल तर बदला.

जुने पेट्रोल पाइप तसेच ठेवणं

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. पाइप आतून सुटतो, तुकडे कार्बोरेटरच्या जेटमध्ये जातात, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या इंजिनवरच्या पंपाचा पडदाही खराब होतो. इथेनॉलला टिकणारा पाइप मागून घ्या. महिनोन्‌महिने उभ्या गाडीतलं पेट्रोल आधी काढून टाका, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि टाकी आतून गंजते. घाटात पेट्रोल तापून गाडी बंद पडली तर पंपावर ओलं फडकं ठेवा आणि पंधरा मिनिटं थांबा. घाई करून सेल्फ मारत बॅटरी उतरवू नका.

ब्रेक ऑइल "दिसतंय ना भरलेलं" म्हणून सोडून देणं

ते हवेतला ओलावा शोषतं. आंबोली उतरताना ड्रम तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल तळाला जातं. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. इंजिन ऑइलची टॉपअप चुकूनही नको, ब्रेकमधले सगळे रबरी कप फुगतात. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा आणि ब्रेक वळणाच्या आधी मारा. वळणात मारलात तर या गाडीची मागची चाकं आत दुमडतात, कारण मागचा अर्धा अ‍ॅक्सल प्रत्येक बाजूला स्वतंत्र हलतो.

टायरची नक्षी बघून भुलू नका, कडेवरचे चार आकडे वाचा. २३११ म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर घालून मी बाजारातसुद्धा जाणार नाही.

डायनेमो मंद इंजिनवर बॅटरी चार्ज करत नाही, म्हणून रात्रीचा प्रवास टाळा.

गाडीला विंटेज नोंदणीची 'व्हीए' नंबर मालिका घेतली असेल तर ती नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. लांबच्या सहलीचा बेत करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

डिकीत माझ्याकडे हे असतं: जुना कंडेन्सर आणि रोटर, पॉइंटचा सेट, फॅन बेल्ट, दोन मीटर पेट्रोल पाइप आणि क्लिपा, फीलर गेज, टॉर्च, तार, पाच लिटर पाणी आणि गिअर ऑइलची लहान बाटली. निपाणीला चहाला थांबलो की चारही चाकांचे नट पान्याने एकदा तपासतो आणि मग आजऱ्याच्या रस्त्याला लागतो.