सबवूफरचं डॅम्पिंग अँपमधूनच कमी करायचं असेल तर

डॅम्पिंग म्हणजे अँपनं कोनला घट्ट आवरणं. खोक्यावर छापलेल्या 'डॅम्पिंग फॅक्टर ३००'ला (स्पीकरचा रोध भागिले अँपचा आऊटपुट रोध) फार भाव देऊ नका. ४ ओहमच्या वूफरच्या व्हॉइस कॉइलचाच रोध ३.४ ओहमच्या आसपास असतो. अँपचा आऊटपुट रोध ०.०५ आहे की ०.०२, यानं कोनला काडीचा फरक पडत नाही. तोच १-२ ओहम केला, की बास बदललेला लगेच ऐकू येतो.

बंद पेटीतला बास कोरडा, पातळ वाटत असेल तरच हे करा. आधीच घुमत असेल तर आणखी घुमेल. पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी भोक असलेल्या पेटीत तर नकोच. शिवाय मुंबईतल्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास खोलीच घुमते. ते अँप उघडून जाणार नाही, पेटी कोपऱ्यातून हलवून बघा.

सामान लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतं: ०.२२ ओहम ५ वॉटचा सिमेंट रेझिस्टर, २.२ के (किलोओहम) रेझिस्टर, १० केचा सीलबंद प्रिसेट, म्हणजे फिरवून रोध बदलायचा रेझिस्टर (उघडा कार्बनचा पावसाळ्यात खरखरतो), ४७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर, कपॅसिटर रिकामे करायला २२० ओहम ५ वॉट, आणि तपासणीला ४.७ ओहम १० वॉट.

अँप एलएम३८८६ चिपच्या अँपसारखा, नॉन-इन्व्हर्टिंग (सिग्नल उलटा न करणारा) हवा. ब्रिज्ड अँपमध्ये (दोन अँप मिळून एक स्पीकर चालवतात तो) स्पीकरची मायनस तार ग्राउंडला नसते, तिथे हा उद्योग करू नका.

प्लग काढा, मोठे कपॅसिटर २२० ओहम ५ वॉटमधून रिकामे करा आणि मीटरनं खात्री करा. स्पीकरची मायनस तार ग्राउंडवरून सोडवून ०.२२ मधून ग्राउंडला न्या. स्पीकर आणि ०.२२ च्या जोडावरून, थेट रेझिस्टरच्या पायापासून, वेगळी बारीक तार काढा. ती कपॅसिटर, २.२ के आणि प्रिसेट अशा सिरीजमधून इन्व्हर्टिंग पिनला जोडा. हे भाग पिनजवळच ठेवा, लांब तारेनं अँप ऑसिलेट होऊ शकतो. कपॅसिटर गाळलात तर आऊटपुटवरचा डीसी ऑफसेट वाढेल.

हिशेब सोपा आहे: अँपच्या आऊटपुटवरून इन्व्हर्टिंग पिनला येणाऱ्या फीडबॅक रेझिस्टरला नव्या शाखेच्या (२.२ के अधिक प्रिसेट) रोधानं भागा, १ मिळवा, ०.२२ नं गुणा; हा नवा आऊटपुट रोध. फीडबॅक २० के, शाखा ३ के (प्रिसेट ०.८ केवर) धरली तर १.७ ओहम येतात. क्यू हे घुमण्याचं माप, जास्त क्यू म्हणजे जास्त घुमणं. पेटीत विद्युत क्यू ०.६ आणि यांत्रिक ४ असलेल्या वूफरचा एकूण क्यू यानं ०.५२ वरून ०.७३ वर जातो. बंद पेटीला इतका पुरे, त्यापुढे ताणू नका.

पहिल्यांदा वीज देताना फेजमध्ये ६० वॉटचा साधा बल्ब सिरीजला घाला. क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. मग बल्ब काढा आणि स्पीकरऐवजी मीटर लावून ६० हर्ट्झच्या टोनवर स्पीकरच्या टोकांना २ व्होल्ट मिळवा. आता ४.७ ओहम जोडा: शाखा वरच्यासारखी ३ के असेल तर व्होल्टेज १.४७ च्या आसपास उतरायला हवं. जेमतेमच उतरलं, तर मायनस तार कुठेतरी चेसिसला टेकतेय आणि ०.२२ ला वळसा मिळतोय. सॉकेटचा धातूचा नट आधी तपासा.

ऐकताना डबल बासचं गाणं लावा. प्रिसेटचा रोध थोडा थोडा कमी करा, सूर लांबट व्हायला लागला की थोडं मागे या. मग प्रिसेट काढून मोजा आणि तेवढाच पक्का रेझिस्टर टाका.