मोबाइल स्पीकरपुढे न धरता कॉम्प्युटरचा आवाज कसा रेकॉर्ड करावा

नेटवर लागलेला आकाशवाणी नागपूरचा कार्यक्रम असो, की गुलाबी बोंडअळीवर झूमवरून चाललेलं मार्गदर्शन, ते जपून ठेवायची गावातली पद्धत एकच. स्पीकरपुढे मोबाइल धरायचा आणि घरातल्या सगळ्यांना गप्प बसवायचं. मग रेकॉर्डिंगमध्ये तज्ज्ञांपेक्षा कुलरच जास्त बोलतो. खरं तर आवाज खोलीत यायच्या आधी, कॉम्प्युटरच्या आतच पकडता येतो. माइक लागतच नाही.

त्यासाठी ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ते त्याच्या अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या. भलत्या ठिकाणाहून घेतलं तर सोबत नको ते चिकटून येतं. पुढचं सगळं विंडोजसाठी.

१. वरच्या 'ऑडिओ सेटअप' बटणात जाऊन 'होस्ट'मध्ये 'विंडोज वासापी' (Windows WASAPI, विंडोजची आवाज हाताळायची एक पद्धत) निवडा. सगळी मेख इथेच आहे.

२. तिथेच 'रेकॉर्डिंग डिव्हाइस'मध्ये शेवटी 'लूपबॅक' (loopback, म्हणजे स्पीकरकडे जाणारा आवाज परत रेकॉर्डिंगकडे वळवणं) लिहिलेलं नाव निवडा. आवाज ज्यातून येतोय त्याचंच लूपबॅक हवं. ब्लूटूथ हेडफोन लावून स्पीकरचं निवडलं, तर हाती काहीच लागणार नाही.

३. व्हॉट्सॲप वेब बंद करा. नाहीतर प्रत्येक मेसेजची टिंग भाषणात उतरेल.

४. कार्यक्रम लावा, लाल बटण दाबा, अर्धा मिनिट घेऊन ऐकून बघा. मीटरची पट्टी शून्याला टेकत असेल तर आवाज फाटतो, कारण इथे शून्य ही आवाजाची वरची मर्यादा असते. जिथे तो वाजतोय, म्हणजे ब्राउझरमधल्या प्लेअरवरच, तो कमी करा.

काहीच वाजत नसताना रेकॉर्डिंगची रेघही थांबलेली दिसू शकते. तो बिघाड नाही, आवाज सुरू झाला की ती पुढे सरकते.

यादीत लूपबॅक दिसलंच नाही, तर विंडोजच्या साउंड सेटिंगमधल्या 'रेकॉर्डिंग' टॅबमध्ये रिकाम्या जागी राइट क्लिक करून बंद असलेली डिव्हाइस दाखवायला सांगा. 'स्टिरिओ मिक्स' (कॉम्प्युटरमध्ये वाजणारा आवाज रेकॉर्डिंगला देणारं डिव्हाइस) असेल तर ते सुरू करा आणि ऑडॅसिटीत 'होस्ट' 'एमएमई' (MME, विंडोजची जुनी पद्धत) ठेवून तेच निवडा. सगळ्या मशीनवर ते नसतं.

मधेच लाइन गेली तरी लगेच हाय खाऊ नका. ऑडॅसिटी पुन्हा उघडलं की अर्धवट राहिलेलं काम परत आणायचं का, असं ते विचारतं. बहुतेक भाग वाचतो.

झूमवर बोलणाऱ्यांची परवानगी मात्र आधी घ्या. झाडीपट्टीच्या नाटकातली गाणी स्वतःपुरती ऐकणं वेगळं, आपल्या चॅनलवर चढवणं वेगळं. त्या कलावंतांचं पोट त्यावरच आहे.

शेवटी 'फाइल'मधून 'एक्स्पोर्ट'. डब्ल्यूएव्ही (WAV) या न दाबलेल्या फाइलमध्ये तासाभराचं स्टिरिओ रेकॉर्डिंग ६०० एमबीच्या वर जातं. नुसतं बोलणं असेल तर एमपीथ्री, मोनो, ६४ केबीपीएस ठेवा. तोच तास ३० एमबीच्या आत बसतो आणि गावातल्या नेटवरही व्हॉट्सॲपने जातो.