३८६ वर बिंकलीटर्म चालू केलं, माझा अनुभव

जुन्या ३८६ पीसीवर डॉस टाकून फिडोनेटचा (मोडेमने एकमेकांना फोन लावून मेल देणाऱ्या-घेणाऱ्या बीबीएसचं जाळं) मेलर, म्हणजे फोन लावून मेल आणणारा-पाठवणारा प्रोग्राम बसवायचा होता, त्यासाठी बिंकलीटर्म घेतला. बिंकलीटर्मला फॉसिल ड्रायव्हर लागतोच, प्रोग्राम आणि सिरीयल पोर्ट यांच्या मधे इंटरप्ट १४ (हेक्स) वर बसणारा तो, म्हणून बीएनयू नावाचा फॉसिल ऑटोएक्सेकमधे (पीसी सुरू होताना आपोआप चालणारी फाईल) टाकला, मोडेम डायल करायला लागला आणि वाटलं झालं काम.

पण कनेक्ट झाल्यावर माऊस जरा हलवला की सगळं जागच्या जागी गोठायचं! दोन रात्री मी मोडेमची इनिट स्ट्रिंग (सुरुवातीला त्याला पाठवायच्या कमांडची ओळ) बदलत बसलो, नंतर कव्हर उघडलं तेव्हा दिसलं की आतल्या मोडेम कार्डचा जंपर (पोर्ट निवडायची पिनांवरची छोटी टोपी) सिरीयल पोर्ट कॉम३ वर आहे आणि माऊस कॉम१ वर. हे दोन्ही पोर्ट आयआरक्यू ४ (प्रोसेसरला हाक मारायची एकच इंटरप्ट लाईन) वापरतात, मग भांडण होणारच. आयओ कार्डवरचा (पीसीचे सिरीयल पोर्ट असलेलं कार्ड) कॉम२ बंद केला, मोडेमचा जंपर कॉम२, आयआरक्यू ३ वर आणला, फॉसिल आणि मेलरच्या कॉन्फिगमधे पोर्ट बदलला. आता माऊस कितीही फिरवा.

मेल आली पण टॉसर (आलेली मेल वेगवेगळ्या विभागांत वाटणारा प्रोग्राम) फाईल उघडता येत नाही म्हणून थांबायचा. डॉसच्या सेटिंगची फाईल कॉन्फिग.सिस, तिच्यात एकावेळी किती फाईली उघडता येतील ते सांगणारी फाईल्सची ओळच नव्हती आणि डॉसचा डिफॉल्ट फक्त ८ असतो. फाईल्स=४० केलं, रिबूट, लगेच सुटलं.

बाहेरचा मोडेम असेल तर सिरीयल पोर्ट चालवणारी यूआर्ट चिप आधी बघा, १६५५०ए मधे १६ बाइटचा बफर असतो, जुन्या ८२५० मधे जेमतेम एकच बाइट, त्यामुळे वेग वाढवला की कॅरेक्टर गळतात आणि सीआरसी एरर (डेटा तपासणीत चूक सापडल्याचे) येत राहतात.